पितांबरचं तिसरं वर्ष

पितांबर दगा पाटील एका जागी बसलेला कुणाला दिसायचा नाही. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या गावात त्यांची चाळीस एकर काळी जमीन होती; पण वडील दगा आप्पा स्वतः ठरवायचे आणि मुलानं फक्त ऐकायचं, अशी घरची रीत. शेवटी १९५८ साली, लग्नाला वर्ष होत आलं असताना, तो तापीपलीकडच्या शेतकी शाळेत शेत-व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेला.

तिथे दर आठवड्याला एका विद्यार्थ्याकडे शाळेचं सगळं शेत सोपवत. मजूर, बैल, पाणी, काय करायचं ते त्यानं ठरवायचं आणि दिवसभराची नोंद लिहून ठेवायची. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात पितांबरची पाळी आली आणि नेमका तीन दिवस पाऊस लागून राहिला. आठ एकर कपाशीत गुडघाभर पाणी साचलं. अधीक्षक कामासाठी धुळ्याला गेलेले.

पितांबर बांधावरून सारखा इकडून तिकडे फिरत होता. पुस्तकात निचऱ्याचं प्रकरण होतं, पण इथे पाणी कुठून काढायचं? उत्तरेच्या बाजूला नाला जवळ होता, मात्र मध्ये भुईमुगाचा प्रात्यक्षिक प्लॉट होता. आठ दिवसांनी पाहुणे तो बघायला येणार होते. निंदणीच्या बायकांची मुकादम रेवाबाई त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "आज पानी काढं ते कपाशी वाचई. सकायपावत मुळं कुजी जातीन."

त्यानं पुढचा विचार केला नाही. कुदळ घेऊन बांध स्वतःच कापला. संध्याकाळपर्यंत कपाशी मोकळी झाली आणि भुईमूग वाहून गेला.

अधीक्षक परतले तेव्हा रागावले नाहीत, त्यामुळे पितांबर जास्तच अस्वस्थ झाला. त्यांनी त्याला शेतात नेऊन उतार मोजायची लेव्हल लावून दाखवली. दक्षिणेला जमीन दीड हात सखल होती. तिथून चर काढला असता तर तासभर जास्त लागला असता, पण दोन्ही पिकं वाचली असती. मग त्यांनी नोंदवही उघडली. त्या दिवसाचं पान कोरंच होतं.

"पाणी काढलंस ते बरोबर," ते म्हणाले. "पण उतार बघितला नाहीस, काय केलंस तेही लिहिलं नाहीस. असं असताना शेत मी तुझ्या हाती कसं देऊ?"

वर्षअखेरीस प्रात्यक्षिकात तो नापास झाला. पुन्हा एक वर्ष.

तो गावी परतला. आप्पांनी झालं ते झालं, आता औत धर, असं सांगितलं. पितांबरनं औत धरलं, पण दिवसातून चार वेळा तो शेत सोडून नदीकडे जायचा, थोडं थांबून परत फिरायचा. जेवताना उठायचा. आप्पांनी पेरणीची वेळ ठरवली की त्याला प्रत्येक वाफ्याचा उतार दिसायचा आणि बोलता यायचं नाही. हे दोन महिने चाललं. एका दुपारी त्याची बायको सुगंधाबाई पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "तुमनं मन आठे नही शे. जा, ते वरीस पुरं करी या."

आप्पांनी रागानं औत गड्याच्या हाती दिलं. तो गेला. त्या वर्षी त्यानं वहीचं एकही पान कोरं ठेवलं नाही, आणि रेवाबाईला विचारल्याशिवाय एकाही शेतात पाणी सोडलं नाही. १९६१ ला पास झाला.

पहिली नोकरी खापर गावाजवळच्या एका मळ्यावर मिळाली. मालकाला मजुरांवर ओरडणारा माणूस हवा होता. पितांबरनं दोन वर्षांत ती सोडली. नवापूरकडच्या दुसऱ्या मळ्यावर मालकानं पहिल्याच दिवशी विचारलं, काय काय बदलायचं. पितांबर म्हणाला, आधी पावसाळाभर बघतो.

तिथे तो टिकला. सुगंधाबाईलाही घेऊन आला. सदुसष्ट सालापर्यंत आसपासचे तीन शेतकरी चर कुठून काढायचा ते विचारायला त्याच्याकडे येऊ लागले. बसून मात्र तो कुणाशी बोलला नाही. ज्याला विचारायचं असेल त्याला त्याच्याबरोबर बांधाबांधानं चालावं लागे.