ज्या पाण्यात डाळ शिजते

मी गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला कोणी नव्हतं, कारण नेमका तेव्हाच टँकर आला. माय माझ्याबरोबर फाट्यापर्यंत यायला निघाली होती. टँकरचा भोंगा ऐकल्याबरोबर तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात कोंबलं, "तू जाय रे भाऊ, टँकर उनं," म्हणाली आणि हंडा आणायला पळत सुटली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोंडाईच्याला सुरत पॅसेंजरमध्ये बसलो तरी तो उतरला नव्हता. आपल्यापेक्षा हंडाभर पाणी हिला मोठं वाटतं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

पाणी म्हणजे तरी काय, गावकऱ्यांनो, तुम्हाला आठवत असेलच. विहीर तळाला गेलेली, आणि होतं तेही जड. साबण घासून हात दुखायचे, पण फेस येत नसे. माय चुलीपुढं बसून म्हणायची, "या पानीमा दगड शिजी, पन दाय शिजाव नही." आम्ही हसायचो आणि अर्धी कच्ची डाळ खायचो.

त्याला बावीस वर्षं झाली. सुरतेला पांडेसऱ्यात एका मिलमध्ये कपडा रंगवायच्या मशीनवर लागलो, तो आजतागायत तिथंच आहे. बमरोलीत भाड्याची खोली आहे. पोरं आपसात गुजराती बोलतात, माझ्याशी हिंदी, आणि आजीचा फोन आला की माझ्याकडं बघतात. मिलमध्ये कोणता रंग चालू आहे ते घरी आल्यावर बायको माझ्या नखांवरून ओळखते. वस्तीमागच्या खाडीत मिलचं पाणी सोडतात, तिचंही तसंच. एके दिवशी जांभळी, एके दिवशी हिरवी, आणि वास मात्र रोज तोच. पहिल्या वर्षी मला त्या वासानं जेवण जात नसे. आता मला तो येतच नाही, आणि या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तिकडं गावात तुम्ही जे केलंत ते मी लांबूनच पाहिलं. माझा धाकटा भाऊ संजय सात उन्हाळे लोकांना घेऊन टेकडीवर चर खोदत होता. सुरुवातीला गावातले लोक त्याची टिंगल करायचे, मीही फोनवर केली. मग नाल्यावर बांध झाले, टेकडीवर चराईबंदी झाली, सीताफळं लागली. नदी फेब्रुवारीपर्यंत, मग एप्रिलपर्यंत वाहायला लागली. विहिरीचं पाणी वर आलं आणि गोडं झालं. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीचं विसर्जन इतकी वर्षं आपण प्लास्टिकच्या टबात उरकत होतो, ते पुन्हा वाजतगाजत नदीवर निघालं. जुन्या बायांनी शाळेतल्या पोरींना बसवून कानबाईची गाणी शिकवली. मायनं मला फोन केला तो फक्त एवढं सांगायला, की डाळ शिजली.

आता माझ्याबद्दल सांगतो. त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मागच्या श्रावणात कानबाईच्या आधी गावी आलो होतो. सुरतेच्या खोलीतही आम्ही कानबाईच्या नैवेद्याचे रोट करतो, तर या वेळी पीठ गावच्या पाण्यात भिजवावं म्हणून पाच लिटरचा कॅन विहिरीवर भरून नेला. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलो. पाण्याबद्दल तसं कोणी सांगितलं नव्हतं. उरलेलं पाणी मी मिलमध्ये घेऊन गेलो. मिरवायला, दुसरं काय! रंग बनवणाऱ्या मास्तरला म्हटलं, आमच्या गावचं पाणी बघा. त्यानं थोडं हातावर घेतलं, साबण चोळला. फेसानं त्याचे दोन्ही हात झाकून गेले. रंगाच्या धंद्यात असं मऊ पाणी म्हणजे निम्मं काम झालं, हे मला माहीत होतं. बावीस वर्षं मी तेच बघत होतो. तरी त्यानं "पाणी बहु सरस छे, क्यांथी लाव्यो?" विचारलं तेव्हा मी छाती फुगवून गावाचं नाव सांगितलं. तालुका सांगितला. फाट्यावरून कसं वळायचं तेही सांगितलं.

दिवाळीआधी आमच्या मिलच्या शेठची गाडी गावात आली. नदीकाठच्या गायरानावर रंगाई मिल काढायची, गावातल्या पोरांना कामावर घ्यायचं, आणि सुपरवायझर म्हणून मला पाठवायचं, असा त्यांचा बेत होता. मी संजयला फोनवर म्हटलं, नाही म्हणायची घाई करू नको. तो म्हणाला, "दादा, पानी उनं, पन मानसं उनात नही." सात उन्हाळे त्यानं कोणासाठी खोदलं ते मला तेव्हा कळलं. आपल्या गल्लीतल्या अकरा घरांना कुलपं आहेत, त्यातलं एक माझ्या वाटणीचं.

मिलच्या ठरावासाठी ग्रामसभा होती, तिला सुरतेहून निघताना मी तोच कॅन खाडीवर भरून घेतला. झाकण उघडायचं आणि सगळ्यांना वास घ्यायला लावायचा, असं ठरवलं होतं. सभेत तो माझ्या पायांशी होता. तुमच्यातले जे माझ्यासारखे सुरतेहून आले होते, ते तुम्ही सगळे पुढच्या रांगेत होतात, आणि हात आधी तुमचेच वर गेले. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. परत यायचा रस्ता दिसला की माणूस दुसरं काही बघत नाही. पलीकडं बायांमध्ये माय बसली होती. माझा मोठा आता गावातच राहणार, असं शेजारणीला सांगत होती. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती. शेठच्या माणसानं सांगितलं की पाणी साफ करून सोडू. तसं मी सुरतेतही ऐकलं होतं, हे सांगायला उठायचं होतं. मी उठलो नाही. मला घरी यायचं होतं.

सभेहून आल्यावर कॅन ओसरीवर ठेवून मी हातपाय धुवायला गेलो. आलो तर मायनं त्याचं झाकण उघडलेलं. तिला वाटलं, पोरानं कसलं तरी औषध आणलंय. तिनं एकदा वास घेतला, मग माझ्या नखांकडं पाहिलं. "इतला वरीस तू यामा ऱ्हायना?" एवढंच म्हणाली. मी होय म्हणालो. तिनं झाकण लावलं, कॅन कुंपणापलीकडं नेऊन ठेवला आणि मला जेवायला वाढलं. डाळ अगदी मेणासारखी शिजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तिनं माळ्यावरून टँकरच्या दिवसांतले हंडे, कळश्या, पत्र्याची पिंपं खाली काढली होती. विहीर काठोकाठ भरलेली, नदी वाहतेय, आणि ती एकेक भांडं भरून भिंतीशी लावत होती. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

येत्या पंधरवड्यात गायरानाची मोजणी आहे. सभेत जे बोललो नाही ते इथं लिहिलं. त्या दिवशी हात वर केलेल्यांनी आणि न केलेल्यांनी, दोघांनी वाचावं. कॅन अजून आमच्या कुंपणापलीकडं आहे. झाकण उघडून बघा.

काल संजयचा फोन होता. माय रोज संध्याकाळी सगळी भांडी झाडांना ओतते आणि सकाळी पुन्हा भरते, कोणाचं ऐकत नाही, तू तरी तिला समजाव, म्हणाला. मी त्याला विचारलं, काय म्हणून समजावू? फोनवर त्याच्या मागून विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येत राहिला.