ती इथे राहत नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आम्ही मूळचे मिरजेचे. नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि इथलेच झालो. विमानांचे सुटे भाग तपासायचे, हे माझं काम. एकतीस वर्षं तेच केलं. दिसायला धड असलेल्या तुकड्यात तडा शोधायचा — म्हणजे पगार घेऊन संशय घ्यायचा. निवृत्त झालो तेव्हा ओळखपत्र परत केलं. सवय कुठे परत करणार?

आमच्या वरच्या मजल्यावर हिबा भाड्याने राहायला आली. मूळची सुदानची, इथे फार्मसी शिकणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची. विजयाला, माझ्या बायकोला, ती पहिल्या दिवशीच आवडली. भाजीवालीचं ऐकून हिबा तिला अक्का म्हणायला लागली. मला मात्र अंकल. वरून खाली, खालून वर डबे जायला लागले. आणि मी — मी लक्ष ठेवत होतो.

ही फोनवर तासन्‌तास अरबीत बोलते, ती कोणाशी? शुक्रवारी हिच्याकडे दोघं-तिघं येतात, ते जिन्यात आवाज का खाली आणतात? (आमच्याच घरात मोठ्याने बोललं की मी कपाळाला आठ्या घालतो, हे तेव्हा सुचलं नाही.) आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गच्ची. आमच्या भागावरून चाचणीची लढाऊ विमानं जातात. आम्हाला तो आवाज कुकरच्या शिट्टीसारखा सवयीचा. हिबा मात्र आवाज आला की गच्चीत धावायची, फोन उंच धरायची आणि रेकॉर्ड करायची. एका आठवड्यात पाच वेळा. मी एका वहीत वेळा लिहून ठेवल्या. हसू नका — तुम्ही काय केलं असतंत?

तेव्हा मराठी मंडळात मी फार बोलायचो. देश म्हणजे काय धर्मशाळा आहे? कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, हे आपलं आपण ठरवू. बाहेरच्यांनी मानवी हक्कांचे धडे देऊ नयेत. एकदा आमचे देशपांडे म्हणाले, "अहो, जीव वाचवायचा हक्क कुठल्या देशाचा शिक्का बघून मिळतो का?" मी त्यांना असं काही झापलं, की ते चहा न घेताच गेले.

एवढा संशय होता तर पोलिसांना का नाही कळवलं? — तुम्ही विचारणारच. गोम इथेच आहे. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने चोवीस तासांत सरकारला माहिती द्यायची असते. मी ती दिलीच नव्हती. आज करू, उद्या करू म्हणत आठ महिने गेले. जन्मभर प्रत्येक फॉर्म तीन प्रतींत भरणारा मी! आता कळवायला गेलो असतो तर पहिला प्रश्न मलाच आला असता.

शेवटी एका संध्याकाळी मी तिला गच्चीत गाठलं आणि स्पष्टच विचारलं, "हे काय रेकॉर्ड करतेस? कोणासाठी?"

ती दचकली. मग तिने फोन माझ्या कानाशी धरला. आधी विमानाची घरघर, मग ती विरत गेली, मग थोडी शांतता आणि समोरच्या झाडावरचे पोपट.

"आईला पाठवते," ती म्हणाली. "आमच्या गावावर विमान आलं की नंतर स्फोट होतो. इथे होत नाही, यावर तिचा विश्वास बसत नाही. तिला तो शेवटचा भाग ऐकायचा असतो, अंकल. पक्ष्यांचा."

खाली येऊन मी वही फाडली. लाज वाटली, खरंच वाटली. म्हणून पुढचं नीट ऐका. पुढे जे मी केलं ते संशयापोटी केलं, असं मला म्हणता येत नाही. संशय तर तिथेच संपला होता.

तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. गावात युद्ध, परत जाणार कुठे? तिने मुदतवाढीचा अर्ज केला. पत्ता खरा आहे का, ते पाहायला एक कॉन्स्टेबल आला. सकाळचे अकरा वाजले असतील. विजया शिंप्याकडे इथल्या शिवाजीनगरला गेलेली, हिबा कॉलेजात. बिचारा घामाघूम झाला होता, पण बोलायला अगदी नम्र.

"हिबा म्हणून मुलगी इथेच राहते ना, सर?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत, "तुम्ही तिची माहिती ऑनलाइन भरली असेलच. तेवढा कागद द्या."

राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. काय झालं असतं? एखादी नोटीस, दोन फेऱ्या, साठी उलटलेल्या माणसाला चार शब्द. एवढंच ना?

मी म्हणालो, "ती इथे राहत नाही. दोन महिन्यांपूर्वीच गेली."

वर दोरीवर तिची पिवळी ओढणी वाळत होती. त्याने वर पाहिलं नाही. "सरी सर," — ठीक आहे — म्हणून लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग "स्वल्प पाणी" मागितलं. मी फ्रिजमधलं गार पाणी दिलं, वर आग्रहाने दुसरा ग्लासही दिला.

अर्ज फेटाळला गेला. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असं कारण. हिबा तो कागद घेऊन माझ्याकडेच आली. "अंकल, त्यांची काहीतरी चूक झालीय. तुम्ही येऊन सांगाल ना?" म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारी माझं बीपी वाढलं. गुरुवारी मी लेकीकडे पुण्याला निघून गेलो — तिथे माझं काय काम होतं? काहीही नव्हतं.

परत आलो तेव्हा वरची खोली रिकामी होती. दिलेली मुदत उलटायच्या आत ती इजिप्तला मामाकडे गेली. तिथेही पाहुणीच. विजया विमानतळावर सोडायला गेली होती. काही महिने मेसेज येत होते, मग थांबले.

कोणाला ठेवायचं हे देशाने ठरवावं, असं मी आजही मानतो. पण त्या सकाळी देश माझ्या दारात उभा राहून साधा प्रश्न विचारत होता. मी देशाशी खोटं बोललो आणि तिच्याशीही. मंडळात आता मी या विषयावर बोलत नाही. लोकांना वाटतं, वयामुळे मवाळ झालो.

विजया अजून मधेच त्या ऑफिसला शिव्या देते. मेल्यांनी धड चौकशीही केली नाही, पोरीचं वाटोळं केलं, म्हणते. मग माझ्याकडे बघून तिचा आवाज मऊ होतो. "जाऊ दे. तुम्ही तरी काय करणार होतात?"

मी पेपराचं पान उलटतो.