दुधाच्या मापातलं तेल

इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढायचं, त्या भोकावर तळहात धरायचा आणि डोळे मिटायचे. मग हळूच म्हणायचं, "दम लागलाय हिला." नेकनूर रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीचं निदान एवढ्यात व्हायचं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मी म्हणत नसे.

मी आमच्या दूध सोसायटीची पत्रकं लिहायचो. दुष्काळात दुधाचं संकलन बंद पडलं, तेव्हा सोसायटीने सभासदांच्या जनावरांसाठी छावणी उघडली. पाण्याची टाकी ओढायला एकच जीप, जुनी, टर्बोची. छावणी कुणाची मेहरबानी नाही, सभासदांचा हक्क आहे, असं मी चार पत्रकांत लिहिलं. लोक घडी करून खिशात घालत. उस्ताद मात्र बॉनेटखाली तोंड घालून काही पुटपुटला तरी दहा जण वाकून ऐकत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याविषयी प्रेमाने बोलणाऱ्यांचाही मला तेव्हा राग यायचा.

जीप निळा धूर ओकू लागली. इंजिनातली तेलाची वाफ एका नळीतून टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, जाऊन आत तेल साचत होतं. उस्तादने बंद संकलन केंद्रातलं लिटरचं स्टीलचं माप मागून घेतलं. त्यावर घट्ट झाकण बसवलं, आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि नळी मधोमध कापून ते माप तिथे जोडलं. तेल तारेला चिकटून तळाशी उतरायचं, नुसती हवा पुढे जायची.

"दुधाच्या मापात तेल?" मी चिडलो. "सभासदांची मालमत्ता आहे ती."

"तेल बी सभासदांचंच हाय की बे."

सगळे हसले. मग तो म्हणाला, "दर जुम्म्याला खाली करायचं. काठोकाठ भरलं तर समदं तेल टर्बो एकदम पिईल."

आठवड्याने माप उघडलं. लोक त्या काळ्या तेलात बोट बुडवून बघत होते. माझं एकही पत्रक कुणी इतक्या कौतुकाने हातात धरलं नव्हतं.

माप रिकामं करायचं काम सोसायटीने माझ्याकडे दिलं. दोन शुक्रवार केलं. तिसऱ्या शुक्रवारी मनात आलं, मी काय त्याच्या डब्याचा नोकर आहे? चौथ्याही शुक्रवारी गेलो नाही.

छावणीच्या चढावर जीप स्वतःचंच तेल प्यायली. तेच तेल जाळत इंजिन किंचाळत सुटलं, किल्ली काढली तरी थांबेना. ड्रायव्हरने वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून कसंबसं बंद पाडलं, पण पिस्टन गेला. दोन दिवस टाकी पोचली नाही. गाई कोरड्या हौदाला जिभा लावत उभ्या राहिल्या.

"तुझ्या डबड्यानं गाडी खाल्ली!" ड्रायव्हर बैठकीत उस्तादवर ओरडला.

उस्तादने माप खोललं. तेल उरलं नव्हतं, पण आतून काठापर्यंत त्याची काळी रेघ होती. एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"माप बारकं पडलं," तो म्हणाला. "चूक माझी हाय."

गप्प बसणाऱ्यांवर पत्रकं काढणारा मी गप्प बसलो.

संध्याकाळी गॅरेजवर गेलो. "कावून खोटं बोललात?"

"तू लबाड ठरलास तर उद्या छावणीसाठी कोण भांडंल? तुझी पत्रकं मी बायकोकडनं वाचून घेतो. लई झ्याक लिहितोस बे."

त्याने इंजिन उभं करून दिलं. तरी लोक गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. बॉनेटभोवतीची गर्दी संपली. मला हवं होतं तेच झालं, आणि ते मला बघवेना.

पाचवं पत्रक लिहिलं. त्यात माझं नाव आणि ते चुकवलेले दोन शुक्रवार. आधी त्याला वाचून दाखवायला गेलो, तर शटर ओढलेलं. शेजारचा फळवाला म्हणाला, "लेकीकडं परभणीला गेला. हितं आता काम न्हाई म्हनला."

मी ते आमसभेत वाचलं. कुणी शिवी दिली नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "आरं, उस्तादला फोन लावा की कुनीतरी!" आणि सगळी सभा रेंज शोधत बाहेर धावली. एका मोबाइलभोवती पन्नास माणसं, ड्रायव्हर सर्वांत पुढे. "उस्ताद, माघारी या!"

आत रिकाम्या सतरंजीवर मी कागद धरून उभा. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.