पायऱ्या सोडून

बदली होऊन कोलकात्याला आलो तेव्हापासून बँकेत मी एकच विषय लावून धरला होता: डोंगर. हे शहर ताटासारखं सपाट. इथे माणूस उंचीवर जातो तो फ्लायओव्हरवरून. जेवणाच्या सुट्टीत सहकारी मासे, पोट आणि राजकारण यांवर बोलायचे, आणि मी मध्येच "आमच्याकडे रविवारी कुणी घरात बसत नाही, गड चढतो" असं सोडून द्यायचो. कॉलेजात असताना मी आठ-दहा गड चढलो होतो. इथे आल्यावर तो आकडा कसा कोण जाणे, चाळीसवर गेला.

बँकेत सगळे भक्तिभावाने ऐकत. पंचाईत घरात होती. माझी मुलगी अकरा वर्षांची, दमदमच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बंगाली फाडफाड बोलणारी आणि मराठीत "पाणी खाते" म्हणणारी. पूर्वी माझे गड डोळे विस्फारून ऐकायची. हल्ली विचारायला लागली होती, "बाबा, फोटो कुठे आहेत?" हे मला फार लागलं. तिच्या डोळ्यांदेखत एक तरी डोंगर चढून दाखवायचाच, असं मी मनाशी ठरवलं.

जानेवारीत ऑफिसची दोन दिवसांची पिकनिक निघाली, पुरुलियाकडच्या एका तळ्याकाठच्या गावी. तळ्यामागे डोंगर, माथ्यावर देऊळ, देवळापर्यंत बांधलेल्या पायऱ्या. मला कुणी पुढारी नेमलं नव्हतं, मीच झालो. माळ्यावरून कॉलेजातले बूट काढले. बायको म्हणाली, "अहो, नवे घ्या." म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं!"

रविवारी सकाळी सहाला मी बूट बांधून तयार. बाकीच्यांची आधी लुची, म्हणजे मैद्याची पुरी, झाली, मग आलूदम, मग चहा, मग झालेल्या चहावर चर्चा. दहा वाजता वरात निघाली. सगळ्यांत पुढे पुढच्या वर्षी रिटायर होणारे आमचे एक वरिष्ठ. त्यांना माझी मुलगी जेठू म्हणते, म्हणजे थोरले काका. डोक्यात माकडटोपी, गळ्यात मफलर, खांद्याला गरम पाण्याचा थर्मास, खिशात पोटाच्या गोळ्या. उत्तर ध्रुवावर जायलाही एवढी तयारी पुरली असती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मुलीला म्हणालो, "पायऱ्या म्हाताऱ्यांसाठी असतात. आपण मागच्या अंगाने चढू."

अर्ध्या तासात वाट संपली आणि कातळ लागला. तिरपा, गुळगुळीत. त्याच्या बरोब्बर मध्यावर माझ्या डाव्या बुटाचा तळ सुटून खाली घरंगळत गेला. मी बसलो. वर जाता येईना, खाली बघवेना.

"बाबा, ऊठ ना."

"थांब जरा. तळं बघतोय."

"डोळे बंद करून?"

कार्टीने स्वतःचे बूट काढून गळ्यात अडकवले, अनवाणी माझ्या खालच्या बाजूला उतरली, माझा घोटा धरला आणि एकेक पाऊल जागेवर ठेवत मला खाली उतरवत गेली. "इथे ठेव. आता दुसरा. खाली नको बघू." हे वाक्य खरं तर मी तिला म्हणायचं होतं. कातळ संपला तेव्हा माझा शर्ट घामाने चिंब आणि ती शीळ घालत होती. मग आम्ही दोघं निमूटपणे म्हाताऱ्यांच्या पायऱ्यांनी वर गेलो, मी एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून.

देवळापाशी मंडळींचं खाऊन झालं होतं. जेठूंनी थर्मासचं झाकण फिरवत विचारलं, "एवढा उशीर? वाट चुकलात की काय?"

मी घसा खाकरला. पण मी बोलायच्या आधीच पोरगी बंगालीत सुरू झाली. म्हणे, मी खूप घाबरले, रडायलाच लागले. बाबा मला सोडून गेला नाही. हात धरून एकेक पाऊल खाली आणलं. बूटसुद्धा त्यातच गेला.

सगळ्यांनी 'वा वा' केलं. "डोंगरातली माणसं ती अशी!" कुणी तिचा गाल ओढला, कुणी तिला भित्री म्हणून चिडवलं. ती हसली. मी तोंड उघडलं ते फक्त कुणीतरी पुढे केलेली संदेश मिठाई आत ढकलायला. त्या क्षणी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी दुसरा संदेश पुढे आला तो मी घेतला.

उतरताना तिला बाजूला घेऊन विचारलं, "असं का सांगितलंस गं?"

"मला काय," ती म्हणाली. "मी ह्यांना परत कधी भेटणार? तुला तर उद्या ऑफिस आहे."

सोमवारी पहिला चहा यायच्या आत मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. घाबरलो मी होतो, उतरवलं तिने, अगदी डोळे मिटून बसलो होतो तेही सांगितलं. मग जेठू उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बाप असावा तर असा. लेकीची भीतीसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतली."