गडाखालचा फोन

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण यात चुगलखोर मीच आहे.

ज्याची चुगली केली, त्याचं अकोटात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी आमच्यासोबत तो मेळघाटच्या बाजूचे गड चढायचा, नेहमी सगळ्यांच्या मागे राहून. चढण्याआधी जीपपासून लांब जाऊन, पाठ फिरवून, फोनवर हळूच बोलायचा, "पाच जन हाओत. मागच्या वाटेनं चढून राहिलो."

"कोणाले खबर देता, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"घरी, काका. जंगल हाय, सांगून जावं मानसानं."

त्याच्या बायकोला आमची वाट कशाला हवी? तो मुसलमान होता म्हणून हा प्रश्न मला जास्तच टोचायचा, हेही लिहितो. एका रविवारी मी वनरक्षकाच्या कानाशी लागलो, "हा शिकाऱ्याले खबर देते. पाहा जरा." वनरक्षकानं त्याचा फोन काढून घेतला, त्याला चौकीतल्या बाकावर बसवलं. आम्ही वर गेलो.

संध्याकाळी उतरलो, तर त्याची बायको ऑटो करून आलेली. फोन आला नाही म्हणून घाबरली होती. नवरा समोर धडधाकट बसलेला दिसूनही ती वनरक्षकाला विचारत होती, "बाकीचे उतरले काय? ते गुडघेदुखीवाले काका?"

ते काका म्हणजे मी.

"उतरलो, भाभी," एवढंच मी बोललो. तो त्यानंतर आमच्यासोबत कधी आला नाही. "चुगली मी केली, भाऊ, माफ करा," हे त्याच्या जनाज्यामागे चालतानाही माझ्या तोंडून निघालं नाही.