दीड इंचातली ऊब

पायाखालची जमीन सरकली तरी शांत राहतील अशी माणसं मी पाहिली आहेत. पण तीच जमीन एका सुतानं वरखाली असली तर भरल्या ताटावरून उठतील असं माणूस सबंध शहापूर-मुरबाडात एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. शहापूरजवळच्या एका कारखान्यात मालाची मापं तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत ते आधी टेबलावर एक वाटाणा सोडतात, तो कुठं घरंगळतो ते बघतात आणि मगच वरणभाताला हात लावतात. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की नव्या लाद्यांवर बोटानं टकटक करत घरभर फिरतात आणि यजमानाला बाजूला घेऊन, डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात सांगतात, "देवघरासमोरची पोकळ आहे." ते मुरबाडला आमच्याकडे येणार म्हटलं की माझी बायको आधी सतरंज्या अंथरते.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरी, किन्हवलीला, मागच्या खोलीत ओबडधोबड जुना कोबा होता. थंडीत तो इतका गार पडायचा की अनवाणी माणूस त्यावरून चालत नसे, उड्या मारत जाई. त्याच खोलीत ताई, म्हणजे माझी मेहुणी, दिवसभर खाली बसून तांदूळ निवडायच्या, भाजी चिरायच्या, शेजारणींशी गप्पा मारायच्या. त्यांचे गुडघे धरायला लागले. मुलीनं खुर्ची आणून दिली, तर "खुर्चीत बसून तांदळातला खडा दिसत नाय" म्हणत त्यांनी ती ओले टॉवेल वाळत घालायला लावली. तेव्हा साडूंनी ठरवलं, की कोब्यावर गारवा अडवणारा थर घालायचा आणि वर लाद्या बसवायच्या. ठरवायला एक संध्याकाळ लागली. करायला दोन हिवाळे गेले.

अडचण उंचीची होती. ही खोली शेजारच्या स्वयंपाकघरापेक्षा जेमतेम दीड इंचानं खाली. थर, मसाला आणि लादी, सगळं त्या दीड इंचात बसवायचं. टोकावड्याहून आलेल्या गवंड्याला हा हट्ट कळेना.

"काका, थर्माकोल टाका, वर दोन इंच कोबा, मंग लादी. जमीन वर आली तर दार खालून कापू. त्यात काय हाय?"

"दार कापशील रे. पण मधे पायरी होईल, ती दिवसभर कोण चढणार-उतरणार?"

"तुमाला कुठं चढायचीय? घरातली बाय चढंल."

गवंड्याला दुपारच्या एसटीत बसवण्यात आलं.

मग साडूंनी मोबाइलवर परदेशी लोकांच्या जमिनी बघितल्या आणि अंगणात चार चौकोन तयार केले. एकाच्या पोटात थर्माकोल, एकात भाताचा तूस, एकात रबर आणि एकात भिवंडीच्या गोदामातून मिळवलेला, शीतगृहाच्या भिंतीत घालतात तसला कडक फोम. वर एकसारख्या लाद्या. येईल त्या पाहुण्यानं भल्या पहाटे चारही चौकोनांवर अनवाणी बसून मत द्यायचं. मीही दिलं. "हा दुसरा ऊबदार वाटतो," म्हणालो, तर साडू म्हणाले, "पाहुणे, चहाचा कप हातात असताना दिलेलं मत मी धरत नाही."

दुसरा म्हणजे तुसाचा. त्याखाली आठवड्याभरात उंदरांनी संसार थाटला. रबराला उन्हात असा वास सुटला की शेजाऱ्यांनी निरोप पाठवला. थर्माकोलच्या चौकोनावर निवडणुकीतले एक वजनदार उमेदवार मत मागायला उभे राहिले आणि लादी कडकन तडकली. ते ओशाळले, पण साडूंनी त्यांचा हात हातात घेतला. "गावाचं काम निवडून येण्याआधीच केलेले तुम्ही पहिले," असं मनापासून म्हणाले. उरला फोम. तरी साडूंची खात्री पटेना, कारण माणसं भिडेखातर खोटं बोलतात असं त्यांचं मत. शेवटी गल्लीतलं एक कुत्रं सलग तीन पहाटे त्याच चौकोनावर मुटकुळं करून झोपलेलं दिसलं, तेव्हा निर्णय झाला.

एव्हाना ताईंचे गुडघे वाट बघून थकले होते. शस्त्रक्रियेसाठी त्यांना कल्याणला हलवलं, आणि साडूंनी त्याच गवंड्याला परत बोलावलं. कोब्याचे उंचवटे घासले, फोम चिकटवला, त्यावर पातळ मसाल्यात लाद्या बसवल्या. साडू सकाळी दवाखान्यात, दुपारी खोलीत पाण्याची नळी धरून लेव्हल बघत. ताई घरी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून वाटाणा सोडला. तो सांध्यावरून न अडखळता खोलीत गेला आणि मधोमध थांबला. गवंड्यानंसुद्धा टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी सांगितलं, "आता आयुष्यात जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही." मी तिथंच होतो. साडूंनी एकदा विचारलं, "जमीन ऊबदार असली तरी?" डॉक्टरांना प्रश्न समजला नाही.

परवाच्या थंडीत मी गेलो, तेव्हा ताई मागच्या खोलीत खुर्चीवर होत्या, अनवाणी तळवे लादीवर टेकवून. आणि साडू त्यांच्या पायांशी मांडी घालून, चष्मा नाकावर ओढून, सुपात तांदूळ निवडत होते. जन्मात त्यांनी स्वयंपाकघरातला डबा उघडला नव्हता.

"तो खडा नाय, तांदूळ हाय," ताई वरून म्हणाल्या. "टाकू नका."

"जमीन कशी लागते?" मी विचारलं.

"त्यांना विचारा. मी कुठं बसलेय?"

साडूंनी सूप बाजूला ठेवलं, तळहात लादीवर सपाट ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, "बरी आहे." त्यांनी मापाशिवाय दिलेलं हे पहिलंच मत असावं. मला हाताला धरून शेजारी बसवलं, अर्धे तांदूळ माझ्यापुढे सारले. ताई आम्हा दोघांकडे बघत होत्या. एवढ्या उंचावरून आपलं घर बघायची त्यांना अजून सवय झाली नव्हती.