मित्राची दुसरी तपासणी
माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफी असावी. आज प्रिंटरच्या शाईचा वास आला आणि जळगावची ती दुपार आठवली. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दिराने मित्रासोबत बनवला होता. पुढे मित्र अपघातात गेला. त्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, आणि कंपायलर रेंगाळत होता. कुठल्या भागात किती वेळ जातो ते दिराने मोजून छापलं, आणि कागद बघून तो पांढराफटक पडला. सगळा वेळ मित्राने लिहिलेल्या भागात जात होता. "वहिनी, हाऊ तर तोच शे! जित्ता व्हता तसा बठ्ठ्या ओळी दोनदा तपासस." मित्राला सगळ्या ओळी दोनदा तपासायची सवय होती, आणि त्याने लिहिलेला भागही तेच करत होता. दिराने दुसरी तपासणी पुसली, तसं काम झटक्यात झालं. शेजारच्या, मित्राच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो म्हणाला, "आते तो खरंच गया." त्या खुर्चीवर मी अजून कुणाला बसू देत नाही.